दगडी घरातली थंडी: वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं

कोहरा पडायला लागल्यापासून घर उबदार ठेवण्याबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. मी वास्तुविशारद आहे, ग्वाल्हेरातच वाढले आणि जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम वर्षानुवर्षं करते. त्यामुळे बहुतेक प्रश्न माझ्या स्वतःच्या घरातलेच वाटले.

दौलतगंजात आमचा जुना वाडा आहे. माझी खोली 12 बाय 14 फुटांची, छत 14 फूट उंच, भिंती दीड फुटी दगडाच्या. संध्याकाळी पाच तास 2000 वॉटचा ब्लोअर लावते, तरी खोली गार ती गारच. मुलगा म्हणतो, मोठा हीटर घेऊ. घ्यावा का? (एक आजी, लष्कर)

आजी, घेऊ नका. थोडा हिशेब सांगते. तुमच्या खोलीतली नुसती हवा 10 अंशांनी तापवायला पाव युनिटही वीज लागत नाही. पण चार भिंतींत मिळून तीसएक घनमीटर दगड आहे. तो सगळा एका अंशाने तापवायचा तर सुमारे 15 युनिटं लागतील. ब्लोअर जी ऊब देतो ती दगड गिळत राहतो, आणि उरलेली गरम हवा वर छताशी जाऊन बसते. हाच दगड मे महिन्यात तुम्हाला वाचवतो, म्हणून त्याच्यावर रागावू नका.

सध्या रोज 10 युनिटं जातात. युनिटला 7 रुपये धरले, तरी महिन्याचे 2100 झाले. त्याऐवजी ऊब थेट तुमच्यापर्यंत पोचू द्या. लाल तापणाऱ्या दांड्यांचा साधा हीटर उन्हासारखा समोरच्या माणसाला तापवतो, मधल्या हवेला फारसा नाही. तो 800 ते 1000 वॉटचा असला तरी पुरे. खुर्चीपासून तीन-चार हात लांब ठेवा, आणि साडीचा पदर किंवा शाल जवळ जाणार नाही असा.

दिवाण बाहेरच्या भिंतीला टेकलेला असेल तर हातभर आत ओढा. गार भिंत अंगातली ऊब ओढून घेते. खोलीत हवा ठीक असूनही पाठ गारठते ती यामुळे. त्या भिंतीवर जुनी दुलई किंवा सतरंजी टांगा, फरशीवर जाजम घाला. दाराखालच्या फटीत जुन्या लुगड्याची गुंडाळी सारा. जुन्या दारांच्या फळ्यांमधल्या फटी विसरू नका, तिथून येणारा वारा सगळ्यांत महाग पडतो.

रात्रीसाठी विजेची चादर घेता येईल. ती साधारण 100 वॉटच्या आसपास असते, म्हणजे आठ तासांतही एक युनिट होत नाही. निजण्याआधी अर्धा तास लावून अंथरूण तापवा आणि मग बंद करा. मधुमेहामुळे पायांना बधिरपणा असेल तर मात्र ती वापरू नका, चटका कळत नाही. त्यांच्यासाठी जाड मोजे आणि रजईच बरी.

ऑइल हीटर कमी वीज खातो असं दुकानदार सांगतो. खरं का? (सिटी सेंटरमधलं एक जोडपं)

नाही. 1000 वॉटचा कुठलाही हीटर तासाला एक युनिट घेतो आणि ते सगळं उष्णतेतच उतरतं, मग आत तेल असो, पंखा असो की दांडी. ऑइल हीटर हळू तापतो आणि बंद केल्यावरही थोडा वेळ ऊब देतो. खोली लहान आणि नीट बंद होणारी असेल तर झोपण्याच्या खोलीत तो सोयीचा, एवढंच. वीज खरंच वाचवायची तर गार-गरम दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी बघा. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, त्यामुळे तेवढ्याच ऊबेला साध्या हीटरच्या निम्म्याहूनही कमी वीज पुरते. नवा एसी घ्यायचाच असेल तेव्हा हा विचार करा. फक्त जानेवारीसाठी नको.

आणि हीटर 16 अँपियरच्या सॉकेटवरच लावा. 2000 वॉटला जवळजवळ 9 अँपियर लागतात, एक्स्टेन्शन बोर्ड वितळतो.

सासरे रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात. "धूर संपला की काही होत नाही" म्हणतात. त्यांना कसं सांगू? (एक सूनबाई, मुरार)

हे पत्र मी दोनदा वाचलं. आज रात्रीच शेगडी खोलीबाहेर काढा, मग सांगा.

धूर संपतो तेव्हाच धोका खरा असतो. धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं, आणि झोपेतला माणूस जागाच होत नाही. घरात दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं तर तिथे थांबू नका: सगळ्यांना उघड्या हवेत न्या आणि 108 लावा. बंद न्हाणीघरातला गॅस गीझरही याच जातीचा; त्याला बाहेरची हवा हवीच.

माझ्या लहानपणी आमच्याकडेही शेगडी असायची, पण अंगणात. आजोबा तिथे हात शेकायचे आणि मग आत यायचे. सासऱ्यांची सवय तोडू नका, जागा बदला. संध्याकाळी अंगणात शेकू द्या आणि झोपताना पायांशी गरम पाण्याची रबरी पिशवी कापडात गुंडाळून द्या. मोठ्या माणसाला "नको" पेक्षा "हे घ्या" लवकर पटतं.

गीझर दिवसभर चालू ठेवावा की लागेल तेव्हा?

लागेल तेव्हा. 15 लिटर पाणी 15 अंशांवरून 60 वर न्यायला सुमारे 0.8 युनिट, 45 वर न्यायला अर्ध्या युनिटाहून जरा जास्त. गार पाणी मिसळावंच लागत असेल तर मुळात इतकं तापवू नका. सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ उरका.

ठाटीपूरला घर बांधतोय. थंडीसाठी आताच काय करून ठेवावं?

दक्षिणेला मोठ्या खिडक्या ठेवा. डिसेंबरअखेर आपल्याकडे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 40 अंश वर असतो, त्यामुळे ऊन खोलीत खोलवर येतं. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर असतो. खिडकीवर दीड फुटाचा छज्जा काढलात तर जूनच्या दुपारी तावदानावर ऊन पडत नाही, आणि डिसेंबरात छज्जाची सावली फक्त सव्वा फूट खाली येते. बाकी खिडकी उन्हाला मोकळी. एकदाच होणारा खर्च, वीज शून्य. पश्चिमेला मात्र मोठी खिडकी नको, मे महिन्यात पस्तावाल.

पैसे उरले तर गच्चीवर उष्णतारोधक थर घाला, तो दोन्ही ऋतूंत कामाला येतो. ऊन असेल त्या दिवशी पडदे सकाळी उघडा, चार-साडेचारला जाड पडदे जमिनीपर्यंत ओढून घ्या. कोहऱ्याच्या दिवशी ते दिवसाही ओढलेलेच राहू द्या.

खिडक्या घट्ट बंद ठेवल्यापासून कपाटामागे बुरशी आली आहे.

श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ गार भिंतीवर साचते. कपाट चार बोटं पुढे घ्या, ओले कपडे खोलीत वाळत घालू नका, आणि दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला, बाहेर सगळ्यांत ऊब असते तेव्हा, दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा. एवढ्या वेळात हवा बदलते, भिंती गार होत नाहीत.