बेळगाव भागात टॉवरच्या कामासाठी साइट मास्टर, ओटीडीआर भाड्यानं घ्यावं की विकत?

साइट मास्टर, म्हणजे टॉवरवरची केबल आणि अँटेना तपासायचा मीटर, डोळे झाकून भाड्यानं घ्या. ओटीडीआर, म्हणजे फायबरमध्ये बिघाड कुठं आहे ते दाखवणारा मीटर, त्याचं शेवटी सांगतो. याच प्रश्नावरून आमच्या घरात अजून भांडण चालू आहे, म्हणून लिहायला बसलो.

माझा पार्टनर नात्यानं मेव्हणा, त्यामुळं तोंड सोडून बोलताही येत नाही. भाडं म्हणजे दुसऱ्याचं घर भरणं, असं त्याचं मत. त्यानं सेकंडहँड साइट मास्टर उचलला. पावसाळ्यात जांबोटीच्या पुढं कणकुंबीच्या अंगाला एका साइटवर व्हीएसडब्ल्यूआरचा, म्हणजे सिग्नल अँटेनात न जाता परत फिरतोय असा, अलार्म आला. मेव्हणेसाहेबांनी टिळकवाडीतल्या ऑफिसातच ओपन-शॉर्ट-लोड, म्हणजे मोजणीआधीचं मीटरचं कॅलिब्रेशन, करून ठेवलं आणि गाडीत बसले. वर गारठा. मीटर स्क्रीनवर सांगतोय, तापमान बदललंय, कॅलिब्रेशन परत करा. हा म्हणतो, "चालतंय की भावजी!" रिपोर्ट गेला आणि तसाच परत आला, कारण मीटरच्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेटची मुदतच संपलेली. रीडिंगपर्यंत कोणी पोचलंच नाही.

मग मी पुण्याहून मीटर भाड्यानं मागवला. चालू सर्टिफिकेट, टेस्ट केबल, कॅलिब्रेशनचं (कॅलचं) किट सगळं पेटीत. टॉवरच्या पायथ्याशी कॅल केलं, बिघाड किती अंतरावर आहे ते दाखवणारं डिस्टन्स-टू-फॉल्ट लावलं, तर आलेखाचं टोक सरळ अँटेनाजवळच्या जंपरवर, म्हणजे जोडणीच्या आखूड केबलवर. पाऊस उघडल्यावर रिगर, म्हणजे टॉवरवर चढणारा गडी, वर गेला. कनेक्टर खोलला तर आत पाणी, पिनेवर हिरवट थर. टेप वरून खाली गुंडाळलेली! शेवटचा थर खालून वर यायला पाहिजे, कौलं शाकारतात तसा. खानापूर तालुक्यात हे सांगावं लागतं म्हणजे कमाल आहे. जंपर बदलला, रिटर्न लॉस (हा जितका जास्त तितकं चांगलं) 14 डीबीच्या, म्हणजे व्हीएसडब्ल्यूआर 1.5 च्या, बराच पलीकडं गेला आणि रिपोर्ट पास.

भाड्यानं घेताना आधी साइटवर 7/16 कनेक्टर आहेत की 4.3-10 ते विचारा आणि त्याचे अडॅप्टर लिहून मागवा. ऐनवेळी बेळगावच्या बाजारात मिळतील या भरवशावर राहू नका. भाडं माल हातात पडल्यापासून मोजायचं, कुरिअरमधले दिवस धरायचे नाहीत, हे आधीच ठरवा. पावसाळ्यात आठवड्याचाच दर घ्या, कारण पावसात रिगर चढत नाही आणि भाडं काही थांबत नाही. माल राज्याबाहेरून येणार, किंमत 50,000 च्या वर, तेव्हा डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिल पाहिजेच. पेटी उघडताना व्हिडिओ काढा. टेस्ट केबल वाकलेली निघाली तर डिपॉझिट तुमचंच कापतात.

पीआयएमचा, म्हणजे खराब जोडांमुळं सिग्नल एकमेकांत मिसळतात का ते बघायचा, मीटरही भाड्यानंच. तो दोन सिग्नल 20-20 वॅटनं सोडतो, अंदाजानं हाताळायची वस्तू नाही ती.

मेव्हण्याला माझा एकच प्रश्न असतो: 5जीच्या एएयू नावाच्या युनिटमध्ये अँटेना आणि रेडिओ एकाच डब्यात, मग तुझा मीटर जोडणार कुठं? जुन्या साइटवर रेडिओसुद्धा वर अँटेनाजवळ गेले, खालून वर जाणाऱ्या लांब केबली, म्हणजे फीडर, संपत चालले. अशा वेळी त्या केबली तपासायच्या मीटरमध्ये पैसे अडकवायचे?

हां, फायबरचं काम मात्र वाढतंय. फायबर जोडायचा स्प्लायसर, त्यातला प्रकाश मोजायचा पॉवर मीटर आणि कनेक्टर नेमके आवळायचा टॉर्क रेंच स्वतःचे घ्या, ते रोज लागतात. ओटीडीआर कामावर ठरवा. निपाणी-चिकोडी पट्ट्यात वर्षाचं मेंटेनन्सचं कंत्राट हातात असेल तर विकत घेतलेला परवडेल. सुट्या साइट करत असाल तर नाही. आणि विकत घेतलात तर दर वर्षी कॅलिब्रेशनचा खर्च धरूनच हिशोब करा. आमच्याकडं तो कुणी धरलाच नव्हता, आणि मी तर विकत घ्यायलाच नाही म्हणत होतो.