फोन आला नाही म्हणजे रिपोर्ट चांगला, असं धरू नका

तुमच्या प्रश्नातली शेवटची ओळ वाचली आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. फॅमिली डॉक्टर ३ आठवडे रजेवर, तुम्हाला बीपी, गुडघा सुजला म्हणून वॉक-इन क्लिनिकमध्ये (अपॉइंटमेंट न घेता जाता येतं अशा दवाखान्यात) गेलात, त्यांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या, रक्त घेतलं. आणि आता विचारताय, "४ दिवस झाले, त्यांचा फोन नाही, म्हणजे सगळं ठीकच असणार ना?"

तसं अजिबात धरून चालू नका. आधी त्या क्लिनिकला फोन लावा आणि रिपोर्टची प्रत मागा. माझं पुराण नंतर वाचलंत तरी चालेल.

वैधानिक इशारा: मी डॉक्टर नाही, नर्स नाही, फार्मसिस्टही नाही. नेमक्या याच भरवशावर राहून ३ दिवस सलाईन लावून पडलेली बाई आहे, एवढीच माझी पात्रता. शिवाय जागोजागचे नियम वेगळे असतात. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, धाप लागणं यासाठी वॉक-इनच्या बाकावर बसायचं नसतं हे तुम्हाला माहीत असणारच, त्यावर वेळ घालवत नाही.

माझं असं झालं. कंबर धरली होती, आमचे डॉक्टर रजेवर. एका गुरुवारी वॉक-इनमध्ये गेले. "काही औषधं चालू आहेत का?" "बीपीची एक गोळी." खोटं काहीच बोलले नव्हते. पण त्या एका गोळीत दोन औषधं होती, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे बीपीचं औषध आणि लघवी वाढवणारं औषध. नाव मला आठवेना, डॉक्टरांना घाई होती, मलाही होती. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक मिळालं, दिवसातून दोनदा, १० दिवस. कंबर दोन दिवसांत मोकळी झाली, म्हणून मी खूश.

मध्येच पोट बिघडलं, दोन दिवस जुलाब. सहाव्या दिवशी, मंगळवारी, मळमळ आणि इतका थकवा की जिना चढवेना. परत तिथेच गेले, या वेळी डॉक्टर दुसरे. त्यांनी नीट तपासलं, "बहुतेक पोटाचंच आहे, पण रक्त बघून घेऊ" म्हणाले. माणूस चांगला होता, आजही त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. निघताना काउंटरवरून सांगितलं गेलं, "काही असेल तर आम्ही फोन करू."

बुधवारी फोन नाही. गुरुवारी नाही. मी घरात सगळ्यांना सांगितलं, रिपोर्ट नॉर्मल आहे. बघा, "फोन आला नाही" याचं "रिपोर्ट नॉर्मल आहे" कधी झालं ते माझं मलाच कळलं नाही. आणि रिपोर्ट नॉर्मल, मग गोळ्या का थांबवायच्या? १० दिवसांचा कोर्स मी इमानदारीत पूर्ण केला.

शनिवारी पावलं सुजली, लघवी कमी झाल्याचं जाणवलं, तेव्हा कुठे फोन केला. तो संवाद मला पाठ आहे.

"रिपोर्ट आलाय का?"
"आलाय, बुधवारीच."
"काय आहे त्यात?"
"ते आम्हाला सांगता येत नाही, डॉक्टर सांगतील."
"मग द्या डॉक्टरांना."
"ते फक्त मंगळवारी असतात."
"आज कोणीतरी असतीलच की."
"आहेत, पण तपासणी त्यांनी सांगितलेली नाही."

आणि मी काय केलं? "बरं, थँक्यू" म्हणून फोन ठेवला! भाजीवाल्याशी घासाघीस करणारी मी, पण काउंटरपलीकडून कोणी "नियम आहे" म्हणालं की माझी वाचा बसते. आज असते तर म्हटलं असतं, "मला त्रास वाढलाय, पायाला सूज आहे, आत्ता हजर असलेल्या डॉक्टरांसमोर हा रिपोर्ट ठेवा, मी फोन धरून थांबते." "रिपोर्ट काय आहे" असं विचारलं की तुमची चौकशी होते. त्रास वाढलाय म्हटलं की तुम्ही पेशंट होता. हा फरक त्या दिवशी माहीत असता तर दोन दिवस वाचले असते.

सोमवारी आमचे डॉक्टर परतले. त्यांनी पाय बघितले, गोळ्यांची पाकिटं बघितली आणि तो रिपोर्ट मागवून घेतला. त्यांनी विचारल्यावर १० मिनिटांत आला. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर रक्तात वाढणारा आकडा, २.१ (माझं एरवी ०.९), पोटॅशियम ५.९. दोन्हींपुढे चांदणी छापलेली, म्हणजे आकडा नॉर्मलच्या बाहेर. पोटॅशियम फार वाढलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून ठरावीक आकड्याच्या वर गेलं की लॅब स्वतःहून फोन करते. माझा आकडा त्या लॅबच्या मर्यादेच्या जरासा आत बसला. त्यामुळे फोन नाही, नुसती चांदणी, आणि ती बघायला मंगळवारपर्यंत कोणी नाही. सोमवारी पुन्हा रक्त घेतलं तर क्रिएटिनिन आणखी वर. तिथून सरळ हॉस्पिटल.

कारण डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या बारीक जाळ्या असतात. प्रत्येक जाळीत एक नळी रक्त आणते, दुसरी बाहेर नेते, आणि गाळण्यासाठी लागणारा दाब या दोघींमुळे टिकतो. टेल्मिसार्टनच्या गटातली औषधं बाहेर नेणारी नळी सैल करतात. लघवी वाढवणारं औषध अंगातलं पाणी कमी करतं. एवढ्यावर बहुतेकांची मूत्रपिंडं वर्षानुवर्षं निभावून नेतात. पण डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन या जातीची गोळी आत येणाऱ्या नळीला उघडं राहू देत नाही, आणि मग गाळायला दाबच उरत नाही. डॉक्टर मंडळी या त्रिकुटाला 'ट्रिपल व्हॅमी' म्हणतात. माझ्या बाबतीत जुलाबांनी उरलंसुरलं पाणीही काढून घेतलं होतं. गोळ्या थांबवल्या, सलाईन लावलं, आकडे उतरू लागले, १.० वर यायला ६ आठवडे लागले. (हे वाचून स्वतःच्या मनाने बीपीची गोळी बंद करू नका, प्लीज. माझीही डॉक्टरांनी थांबवली आणि त्यांनीच नंतर बदलून दिली.)

आता सगळ्यात महागात पडलेली चूक. वर लिहिल्या त्या सगळ्या चुका एकीकडे आणि ही एकीकडे.

पहिल्या दिवशी वॉक-इनच्या फॉर्मवर एक रकाना होता, 'फॅमिली डॉक्टरांचे नाव व पत्ता'. मी तो रिकामा ठेवला. का? तर ते रजेवर आहेत ना, मग लिहून काय उपयोग! डॉक्टर रजेवर होते, त्यांचा दवाखाना नव्हता. त्यांच्या जागी एक सहकारी रोज सकाळी आलेले रिपोर्ट चाळत होत्या. नाव लिहिलं असतं तर बुधवारीच एक प्रत तिकडे गेली असती, आणि माझी जुनी फाइल समोर ठेवून कोणीतरी ०.९ चं २.१ झालेलं बघितलं असतं. वॉक-इनमधल्या डॉक्टरांनी मंगळवारच्या आधी तो रिपोर्ट बघितला असता तरी त्यांच्याकडे माझा जुना आकडा नव्हताच. ही गोष्ट मला त्या सहकारी डॉक्टरांनीच नंतर सांगितली, अगदी सहज, आणि मी तिथे बसल्या बसल्या लाल झाले.

म्हणून माझं ठाम मत (पटलं नाही तर सोडून द्या): वॉक-इनमध्ये काय विचारलं यापेक्षा निघताना काय विचारलं याला जास्त महत्त्व आहे. रिपोर्ट कधी येणार, कोण बघणार, ते डॉक्टर त्या दिवशी नसतील तर कोण, आणि प्रत मला कशी मिळणार. उत्तरं फोनमध्ये टिपून ठेवायची आणि सांगितलेल्या दिवशी आपणच फोन करायचा. काही ठिकाणी ऑनलाइन रिपोर्ट दिसतात. ती सोय असेल तर उत्तमच, पण चांदणी बघून स्वतः निदान करत बसू नका. पोटॅशियम तर कधी कधी नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्यामुळेही उगाच जास्त दिसतं आणि पुन्हा रक्त द्यायला लागतं.

हे फक्त रक्तापुरतं नाही. लघवीच्या कल्चरला (जंतू वाढवून बघायच्या तपासणीला) साधारण २ ते ३ दिवस लागतात आणि तोवर दिलेलं अँटिबायोटिक त्या जंतूंवर चालतच नाही असं नंतर निघू शकतं. एक्स-रेचंही तसंच, क्लिनिकमधले डॉक्टर तो तिथल्या तिथे बघतात, पण रेडिओलॉजिस्टचा लेखी रिपोर्ट पुष्कळदा नंतर येतो आणि दोन्ही जुळतीलच असं नाही. तुमच्या गुडघ्याचा काढला असेल तर तोही विचारा.

औषधांबद्दल: "बीपीची गोळी, शुगरची गोळी" ही उत्तरं बंद करा. स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो फोनमध्ये ठेवा, जिथे आतल्या औषधांची नावं छापलेली असतात. पुढचं ब्रँडचं नाव डॉक्टरांना माहीत असेलच असं नाही. सोबत शेवटच्या रिपोर्टचाही फोटो, निदान क्रिएटिनिनच्या पानाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी इजा कमी करण्याची मोहीम काढली तेव्हा तीन गोष्टींवर भर दिला: जास्त जोखमीच्या परिस्थिती, एकाच वेळी अनेक औषधं, आणि पेशंटचं एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणं. मी एका आठवड्यात तिन्ही जमवून दाखवल्या.

अवांतर: औषधं शक्यतो एकाच दुकानातून घ्या. दोन डॉक्टरांची औषधं एकमेकांना चालतात का, हे फार्मसिस्ट सांगू शकतात, पण त्यांच्याकडे तुमची दोन्ही प्रिस्क्रिप्शन असतील तरच. मी डायक्लोफेनॅक वाटेत दिसलेल्या दुकानातून घेतलं होतं, आता काय बोलणार. रोजच्या गोळ्या संपत आल्या असतील तर वॉक-इनमध्ये "आमचे डॉक्टर येईपर्यंत पुरतील इतक्याच द्या" एवढंच मागा. डोस बदलण्याचा विषय फॅमिली डॉक्टरांसाठी ठेवा. झोपेच्या आणि तत्सम गोळ्या बरीच वॉक-इन क्लिनिक देत नाहीत, तिथे भांडून उपयोग नाही. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं आणि आपण वर तापाची गोळीही घेतो. धडधाकट मोठ्या माणसालाही २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर चालत नाही, तेव्हा मोजा.

इथे काही जण "वॉक-इनला जाऊच नका" म्हणतायत ते मला पटत नाही. लघवीची जळजळ, कानदुखी, टाके काढणं, यासाठी मी आजही जाते आणि तिथे चांगले डॉक्टर भेटलेत. दोन वर्षं रेंगाळणारं दुखणं मात्र तिथे उलगडायला जाऊ नये. शक्य असेल तर दर वेळी त्याच क्लिनिकला जा, निदान मागची नोंद तरी सापडते. आणि जाण्याआधी स्वतःच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात एक फोन टाका. त्यांच्या जागी कोण बघतंय ते रेकॉर्ड केलेल्या निरोपातही बऱ्याचदा सांगितलेलं असतं. मी तो निरोप "डॉक्टर रजेवर आहेत" इथपर्यंतच ऐकून फोन बंद केला होता.

तुमच्यापुरतं सांगायचं तर फॉर्मवर डॉक्टरांचं नाव लिहिलं नसेल तर आजही ते कळवून त्यांच्याकडे प्रत पाठवायला सांगता येतं. बीपीच्या गोळीत नक्की काय आहे ते बघा आणि दुखण्याची पुढची गोळी घेण्याआधी फार्मसिस्टला दोन्ही दाखवा. आणि हो, गुडघा सुजलाय असं लिहिलंत, पण ताप आहे का ते लिहिलं नाहीत. गुडघा लाल, गरम, हलवता येत नाही आणि अंगात ताप, असं असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. मग रिपोर्टची वाट बघू नका, वॉक-इनलाही जाऊ नका, आजच इमर्जन्सीत जा.