डब्ल्यूटीओत भारताची बाजू मांडायची आहे?

प्रश्न : मुलगी बी.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जागतिक व्यापार संघटनेत भारतातर्फे बोलायचे, असे तिने ठरवले आहे. त्यासाठी फ्रेंचचा क्लासही लावला आहे. कोणती परीक्षा द्यावी? – एक पालक, सांगली

उत्तर : नमस्कार. या पदासाठी थेट परीक्षा नाही. जिनिव्हात या संघटनेपुरते भारताचे स्वतंत्र कायमस्वरूपी शिष्टमंडळ आहे. तिथे केंद्रीय सेवांतले अधिकारी काही वर्षांसाठी नेमले जातात.

आणि बोलणे हा त्या कामाचा लहानसा भाग. बैठकीची सूचना साधारण 10 दिवस आधी निघते. विषयपत्रिका टिपणीसह दिल्लीला पाठवायची. वाणिज्य खाते कृषी, अन्न, अर्थ या खात्यांना विचारते आणि मग भूमिका ठरून येते. घोळ होतो तो इथे. खात्यांचे जुळत नाही, सूचना लांबते आणि सभागृहात ‘राजधानीशी चर्चा सुरू आहे’ एवढेच म्हणता येते. पण गैरहजर राहून भागत नाही. हजर सदस्यांपैकी कोणी औपचारिक हरकत घेतली नाही, की सहमती झाली असे धरतात.

तुमच्या उसाचेच बघा. एफआरपी (कारखान्यांनी उसाला द्यायचा किमान भाव) आणि निर्यात अनुदानांवर 2019 मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने संघटनेकडे तक्रार केली. एफआरपी सरकार नव्हे, कारखाने देतात, हा भारताचा युक्तिवाद. तो टिकला नाही: भाव सरकार ठरवते, तेवढे पुरे, असे निवाडा समितीने डिसेंबर 2021 मध्ये म्हटले. 2014-15 ते 2018-19 या हंगामांत उसाला दिलेला आधार संघटनेच्या कृषी करारातल्या, उत्पादनमूल्याच्या 10 टक्के मर्यादेपलीकडे गेला, असाही निष्कर्ष निघाला. भारताने त्यावर अपील केले. पण संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर 2019 पासूनच ठप्प! करारातल्या एकेका शब्दावर असे वाद चालतात.

म्हणून एम.ए. अर्थशास्त्र करू द्या. त्यावर इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसची परीक्षा देता येते (वय 21 ते 30). नागरी सेवा परीक्षा पदवीवर देता येते. खुल्या गटाला वयाची अट 32, संधी सहा. मात्र निवड झाली म्हणजे जिनिव्हा मिळेलच असे नाही. संघटनेच्या सचिवालयातली नोकरी हा वेगळा रस्ता आहे. तिथे कोणत्याच देशाची बाजू घेता येत नाही.

फ्रेंचचा क्लास थांबला तरी चालेल. साखरेचा निवाडा संघटनेच्या संकेतस्थळावर आहे. त्यातला एफआरपीचा भाग वाचून, कृषी आणि वाणिज्य या दोन्ही खात्यांना पटेल अशी एक पानाची टिपणी तिला 10 दिवसांत लिहायला सांगा.