आठव्या दिवशीचा ‘निगेटिव्ह’

प्रश्न : मी २४ वर्षांचा, समलिंगी. घरी माहीत नाही. मागच्या महिन्यात संबंधाच्या वेळी कंडोम फाटला. खोबरेल तेल लावलं होतं. आठव्या दिवशी खासगी लॅबमध्ये एचआयव्ही तपासला, निगेटिव्ह आला. आता निर्धास्त राहू का? सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) जायचं तर कुणी ओळखीचं भेटेल म्हणून पाऊल उचलत नाही.
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : इतक्यात नाही. आठव्या दिवशीच्या रिपोर्टवरून त्या रात्रीबद्दल काहीच कळत नाही, कारण संसर्ग चाचणीत दिसायला वेळ लागतो. लॅबमधली फोर्थ जनरेशन चाचणी ४५ दिवसांनी करा, किंवा बोटातून रक्त घेतात ती रॅपिड करणार असाल तर ९० दिवसांनी. ती निगेटिव्ह आली, की या प्रसंगापुरती काळजी मिटली. तोवर कंडोमशिवाय संबंध नको, रक्तदानही नको. मधेच ताप, पुरळ, घसादुखी झाली तर डॉक्टरांना घडलेलं स्पष्ट सांगा.

तेलानं लॅटेक्स काही मिनिटांतच कमजोर होतं. खोबरेल, व्हॅसलीन, कोल्ड क्रीम सगळं बाद. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं लुब्रिकंट वापरा.

तुमची वेळ गेली, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाची गेली नसेल. कंडोम फाटल्यावर ७२ तासांच्या आत, शक्यतो त्याच दिवशी, डॉक्टरांकडे ‘पेप’, म्हणजे धोका घडून गेल्यावर एचआयव्ही रोखण्यासाठी घ्यायचं औषध, मागायचं. गोळ्या २८ दिवस, एकही न चुकवता. काही जण मळमळीमुळे मधेच सोडतात आणि मग सगळंच वाया जातं.

यापुढे असा धोका वारंवार येणार असेल तर ‘प्रेप’बद्दल, म्हणजे धोक्याच्या आधीपासून घ्यायच्या प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा : टेनोफोव्हिर ३०० आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅमची एकत्र गोळी, रोज एक. आधी एचआयव्ही, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि हिपॅटायटिस बी तपासायचं, नंतर दर तीन महिन्यांनी एचआयव्ही. मित्राच्या डबीतून घेऊन सुरू करू नका. अंगात विषाणू आधीच असेल तर या दोन औषधांनी तो दबत नाही, उलट त्यांना दाद न देणारा होऊ शकतो.

सीपीआरमध्ये चाचणी मोफत होते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार, त्यातले मोजके अपवाद सोडले तर, तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, रिपोर्टही कुणाला सांगता येत नाही. एकट्यानं जाववत नसेल तर १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर मोफत फोन करा आणि आपल्या लोकांत काम करणारी संस्था विचारा. तिथला पीअर एज्युकेटर आपल्यातलाच असतो. तो सोबत येतो.

प्रश्न : अमेरिकेत कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांत एचआयव्ही जास्त, कारण ते बेफिकीर, असं मित्र म्हणतो. खरं का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : प्रमाण जास्त हे खरं, पण कारण साफ चूक. संसर्गाचे तेव्हाचे दर तसेच राहिले तर त्यांच्यातल्या दर दोघांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी एचआयव्ही होईल, असा अंदाज २०१६ मध्ये सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेनं मांडला होता. पण गोऱ्या समलिंगी पुरुषांपेक्षा त्यांचे जोडीदार जास्त नसतात, कंडोमही ते कमी वापरत नाहीत, असंच अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलं. खरी कारणं वेगळी : अनेकांकडे विमा नाही, दवाखान्यात अपमान. म्हणून तपासणी उशिरा, औषध त्याहून उशिरा. जोडीदार बहुधा त्याच छोट्या वर्तुळातले, जिथं संसर्ग आधीच जास्त, त्यामुळे तेवढीच काळजी घेऊनही धोका जास्त. म्हणून तिथं एचआयव्ही रोखण्याच्या ‘डी-अप’सारख्या उपक्रमात मित्रमंडळींत ज्याचं ऐकलं जातं, अशालाच इतरांना समजवायला शिकवून तयार केलं गेलं.

वर्तुळ तर आपल्याकडेही छोटंच आहे. मित्राला पहिल्या चाचणीला तुम्हीच घेऊन जा. पॉझिटिव्ह आलाच तर एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणारं औषध) मोफत आहे. रोज गोळी घेऊन विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, की संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही.