मुरबाडमध्ये पहिल्यांदाच हळद लावणाऱ्यांसाठी

आपण थेट एक एकरावर हळद घेण्याचा विचार करीत आहात, परंतु पहिल्या वर्षी पाच गुंठे पुरेत, कारण गुंठ्याला साधारण 25 किलो बेणे (लावायचे कंद) लागते आणि हाच सर्वांत मोठा खर्च असतो.

आपल्या ठाणे जिल्ह्यातील पावसात हळदीचे पीक हातचे जाते ते मुख्यतः कंदकुजीमुळे, म्हणजे जमिनीतले कंद कुजण्याच्या रोगामुळे. म्हणून भाताचे खाचर मोकळे आहे एवढ्याच कारणाने तेथे लागवड करू नये, तर पाणी झटकन निघून जाईल अशा उताराच्या वरकस जमिनीत उंच गादीवाफे करून पावसाच्या तोंडावर बेणे लावावे. बेणे निरोगी, टणक आणि ठसठशीत असावे. स्वस्त मिळाले म्हणून सुरकुतलेले गड्डे उचलणे ही चूक मीही केली आहे.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: पीक आठ-नऊ महिन्यांचे आहे, त्यामुळे पाऊस सरल्यावर डिसेंबरपर्यंत तरी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी हवेच. लागवडीनंतर अडीच-तीन महिन्यांनी झाडांच्या बुंध्याशी मातीची भर द्या. ओली हळद वाळून जेमतेम पाचवा हिस्सा उरते, हे हिशेबात धरा. शिजवणे, पॉलिश वगैरे पुढच्या वर्षी पाहू.