मॅग्नेटिक फिल्मवर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र डोळ्यांना दाखवणाऱ्या हिरव्या पातळ पत्र्यावर, चुंबकाच्या मधोमध उजळ रेघ दिसते. तिथे चुंबकत्व शून्य असतं का?

नाही, शून्य नसतं. हिरव्या फिल्मवर दिसणारी ती उजळ रेघ चुंबकीय क्षेत्राची दिशा सांगते. क्षेत्र किती जोरकस आहे, हे फिल्मला नीटसं सांगताच येत नाही आणि सगळा घोळ इथेच होतो.

या फिल्ममध्ये प्लास्टिकच्या दोन थरांच्या मधे बारीक बारीक कुप्या असतात, कुपीत तेल आणि तेलात निकेलच्या चपट्या कपच्या तरंगत असतात. क्षेत्र फिल्मला समांतर असलं की कपच्या आडव्या होतात आणि उजेड आपल्याकडे परत फेकतात. क्षेत्र फिल्मच्या आरपार जात असलं की त्या उभ्या राहतात. स्टीलची ताटं ओट्यावर पसरली तर वरून चकाकतात, मांडणीत उभी लावली तर वरून नुसते काठ दिसतात, तसंच. म्हणून ध्रुवांपाशी फिल्म काळपट, आणि दोन ध्रुवांच्या मध्ये, जिथे क्षेत्र पृष्ठभागाला समांतर वाहतं, तिथे उजळ. उत्तर ध्रुव आणि दक्षिण ध्रुव दोन्ही सारखेच काळे दिसतात, हेही बघा. म्हणजे फिल्मला ध्रुव कोणता हेसुद्धा कळत नाही.

यावर विश्वास ठेवायची गरज नाही, करून बघा. निओडिमियमच्या (छोट्या पण फार जोरकस चुंबकांच्या) चकत्या मिळतात, त्या चार-पाच एकावर एक रचून आखूड दांडी करा आणि टेबलावर आडवी ठेवा. (चौकोनी निओडिमियम तुकडा शक्यतो नको. त्याचे ध्रुव बरेचदा टोकांना नसून दोन सपाट बाजूंवर असतात.) फिल्म दांडीच्या अंगावर टेकवा: टोकं काळी, मधे उजळ पट्टा. आता तीच फिल्म दांडीला आडव्या भिंतीसारखी उभी धरा, तिची कड बरोबर त्या उजळ पट्ट्याच्या जागी टेकेल अशी. कडेलगतचा भाग काळा पडतो. जागा तीच, चुंबक तोच, फक्त फिल्म वळवली. तिथे क्षेत्र नसतं तर कपच्यांना उभं कोणी केलं असतं?

मग मधोमध टाचण्या का चिकटत नाहीत, हा पुढचा प्रश्न येणारच. लोखंडाला ओढ बसते ती क्षेत्र असण्याने नव्हे, तर जागेगणिक ते बदलत असल्याने. टाचणी जिकडे क्षेत्र वाढत जातं तिकडे सरकते. टोकांपाशी ते झपाट्याने बदलतं, मधल्या भागात बाहेरच्या बाजूने ते सपाट आणि लांबट चुंबकाच्या बाबतीत कमजोरही असतं. चुंबकाच्या पोटात मात्र उलटी परिस्थिती. तिथे मधोमधच सगळ्यात जास्त चुंबकीय प्रवाह (आडव्या छेदातून आरपार जाणारं एकूण क्षेत्र) असतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला गॅल्व्हानोमीटर (अगदी थोडी वीजही काट्याने दाखवणारं यंत्र) मिळाला तर इनॅमलच्या तांब्याच्या तारेचं छोटं वेटोळं त्याला जोडून दांडीवर चढवा आणि झटक्यात ओढून काढा. वेटोळं मधून काढलं तर काटा सर्वात जास्त उडतो. लांब दांडीच्या अगदी टोकावरून काढलं तर जवळजवळ निम्माच. चुंबक मधोमध मोडला तर मोडलेल्या जागी दोन नवे ध्रुव का निघतात, तेही यातच आलं.

काही व्हिडिओंमध्ये या रेघेला ‘ब्लॉख वॉल’ म्हणतात आणि तिच्यातून फुकट ऊर्जा काढायच्या गप्पा सुरू होतात. तिकडे वेळ घालवू नका. भौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स ब्लॉख यांनी १९३२ मध्ये मांडलेली भिंत पदार्थाच्या आतल्या दोन डोमेनमधली (एकाच दिशेने चुंबकित झालेल्या सूक्ष्म भागांमधली) असते, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाहूनही पातळ. डोळ्यांना दिसणारी दोन-तीन मिलिमीटरची पट्टी ती नव्हे.

खरोखर शून्य क्षेत्राच्या जागा असतात, पण त्या चुंबकाबाहेर, दोन क्षेत्रं एकमेकांना काटतात तिथे. सारख्या ताकदीचे दोन चुंबक, उत्तरेसमोर उत्तर असे धरले तर बरोबर मध्यावर एक बिंदू सापडतो. दुसरं क्षेत्र पृथ्वीचं असलं तरी चालतं, फक्त टेबलावरच्या मांडणीत तिथे आडवा घटक तेवढाच शून्य होतो. दहावी-बारावीला ‘उदासीन बिंदू’ म्हणून शिकवतात ते हेच. चुंबकाचा उत्तर ध्रुव उत्तरेकडे ठेवला तर हे बिंदू चुंबकाच्या पूर्वेला आणि पश्चिमेला येतात. दक्षिणेकडे ठेवला तर त्याच्या अक्षावर, दोन्ही टोकांच्या पुढे.

अंतराचा अंदाजही बांधता येतो. आपल्याकडे कोकणपट्टीत पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक साधारण ३८ मायक्रोटेस्ला धरा. चुंबकाचं आघूर्ण (त्याच्या एकूण ताकदीचं माप) १ अँपिअर-वर्गमीटर असेल, तर पहिल्या मांडणीत बिंदू मध्यापासून सुमारे १४ सेंटीमीटरवर, दुसऱ्यात सुमारे १७ सेंटीमीटरवर येतो. अक्षावर क्षेत्र दुप्पट असतं, पण ते अंतराच्या घनाने उतरतं, त्यामुळे फरक एवढाच.

हे बिंदू लोहकीस टाकून किंवा फिल्मने शोधायला जाऊ नका. लोहकीस हलवायची ताकद पृथ्वीच्या क्षेत्रात नाही. त्यातून कीस स्वतःच चुंबकित होऊन एकमेकांना साखळीसारखा चिकटतो, म्हणून ठसठशीत रेषा उमटतात. क्षेत्रात अशा मोजून ठेवलेल्या रेषा नसतात. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८५१ च्या सुमारास मेणकागदावर किसाची चित्रं पक्की करून ठेवली, ती देखणी आहेत, पण त्यांवरूनही क्षेत्राचा आकार कळतो, मोजमाप नाही. इथे छोटं होकायंत्रच हवं. उदासीन बिंदूवर सुई गोंधळते, टिचकी मारली की कुठल्याही दिशेला थांबते.

जागा मात्र नीट निवडा. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या नोंदी बिघडतील, म्हणून १९०४ मध्ये वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली हे काम अलिबागला हलवलं. तुमच्या घरात ट्राम नसली तरी गोदरेजचं कपाट आहे, गॅस सिलिंडर आहे आणि टेबलाचे पाय बहुधा लोखंडी आहेत. लाकडी पाट जमिनीवर ठेवा, आणि जमीन स्लॅबची असेल तर आतल्या सळ्या लक्षात घेऊन पाटाखाली दोन-चार जाड वह्या सरकवा. चुंबक ठेवण्यापूर्वी नुसतं होकायंत्र पाटभर फिरवून सुई सगळीकडे एकाच दिशेला राहते ना, ते बघा. फोनमधल्या मॅग्नेटोमीटरनेही (चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या सेन्सरनेही) काम होतं. फक्त निओडिमियमची चकती फोनला चिकटवू नका, नाहीतर त्याचा कंपास कॅलिब्रेट करत बसावं लागेल.