भाड्याची गाडी आणि नुकसानीचं बिल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: बुकिंगमध्ये ‘सीडीडब्ल्यू समाविष्ट’ असं लिहिलेलं असतं. तरीही गाडी ताब्यात घेताना काउंटरवर ‘पूर्ण संरक्षण’ घ्या म्हणून आग्रह होतो. मग आधीच्यात नेमकं काय मिळतं?

उत्तर: सीडीडब्ल्यू म्हणजे कोलिजन डॅमेज वेव्हर. गाडीचं नुकसान झालं, तर एका ठरावीक रकमेच्या वरची वसुली कंपनी तुमच्याकडून करत नाही. ही ठरावीक रक्कम म्हणजे एक्सेस. काही जण तिला डिडक्टिबल म्हणतात. एक्सेस १,००० आहे असं धरा, चलन कुठलंही असो. दुरुस्तीला ६,००० लागले तर तुमचे १,००० जातात, बाकीचे ५,००० कंपनी सोसते. पण ७०० लागले, तर सगळे ७०० तुमचेच. पार्किंगमध्ये बंपर घासणं, दाराला पोचा येणं असली रोजची नुकसानं बहुधा एक्सेसच्या आतच असतात. काउंटरवरचं जादा पॅकेज हा एक्सेस कमी करतं किंवा शून्यावर आणतं.

‘पूर्ण’ या शब्दावर मात्र भिस्त ठेवू नका. टायर, रिम, काचा, आरसे, टप आणि गाडीचा तळ हे भाग साध्या सीडीडब्ल्यूतून सर्रास वगळलेले असतात, आणि कधीकधी जादा पॅकेजमधूनही. हरवलेली चावी, जळालेली क्लच प्लेट आणि चुकीचं इंधन यांचंही तेच. डिझेलच्या गाडीत पेट्रोल गेलं, तर इंजिन चालूच करू नका. साधी इग्निशनही ऑन करू नका. डिझेलमुळे पंपाला जे वंगण मिळतं ते पेट्रोलमुळे मिळत नाही. गाडी जागेवरच ठेवली तर टाकी रिकामी करून बहुतेक वेळा भागतं. चालवली, तर पंप आणि इंजेक्टरचं बिल येतं.

समोरच्या गाडीचं किंवा माणसाचं नुकसान सीडीडब्ल्यूत येतच नाही. त्यासाठी थर्ड पार्टी विमा लागतो. चोरीचं कलमही बऱ्याचदा वेगळं असतं.

शिवाय ही सूट करारातल्या अटी पाळल्या तरच लागू होते. करारात नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली, चालक दारू प्यायलेला होता, बंदी असलेल्या कच्च्या रस्त्यावर गाडी नेली किंवा अपघाताची खबर मुदतीत दिली नाही, तर एक्सेसचा प्रश्नच उरत नाही. अख्खं बिल तुमच्या नावावर येतं. ‘दहा मिनिटं मित्राने चालवली’ हे इथे सगळ्यात महागात पडतं.

प्रश्न: बाहेरून स्वस्तात एक्सेस विमा मिळतो, शिवाय क्रेडिट कार्डावरही संरक्षण आहे. मग काउंटरवरचं नाकारलं तर चालेल का?

उत्तर: चालेल, फक्त पैशांची वाट समजून घ्या. कंपनी आधी तुमच्या कार्डावरून वसूल करते. विमावाल्यांकडून तुम्हाला ते नंतर परत मागावे लागतात. त्यासाठी भाडेकरार, नुकसानीचा अहवाल, दुरुस्तीचं बिल, कार्डाचं स्टेटमेंट आणि अपघात असेल तर पोलिसांचा अहवाल लागतो. यातला एक कागद नसला, तरी क्लेम अडतो.

तुमच्याकडे बाहेरचा विमा आहे म्हणून कंपनी डिपॉझिट माफ करत नाही. उलट कार्डावर जास्त रक्कम ब्लॉक होते. क्रेडिट कार्डावर तेवढी मर्यादा अडकते. डेबिट कार्डावर तुमचे खरे पैसे अडकतात.

कार्डाच्या संरक्षणात सहसा पूर्ण भाडं त्याच कार्डावरून भरलेलं असावं लागतं आणि अनेकदा कंपनीचं सीडीडब्ल्यू नाकारलेलंही असावं लागतं. महागड्या गाड्या, व्हॅन आणि जास्त दिवसांचं भाडं बऱ्याच कार्डांत बसत नाही.

प्रश्न: आधीचा ओरखडा आपल्या माथी बसू नये म्हणून काय करावं?

उत्तर: सही करण्याआधी गाडीभोवती न थांबता एक अखंड व्हिडिओ काढा. मग चारही रिम, बंपरच्या खालच्या कडा, टप आणि पुढची काच यांचे जवळून फोटो घ्या. गाडी नुकतीच धुतलेली असेल तर आधी पुसून घ्या, पाण्याखाली बारीक चरे लपतात. अंधाऱ्या पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च पत्र्याला तिरपा धरा, म्हणजे पोचे दिसतात. ओरखड्याशेजारी नाणं धरून फोटो काढला की आकारावर वाद होत नाही. इंधनाचा काटा आणि किलोमीटरही टिपा. मुख्य म्हणजे दिसेल ते नुकसान त्यांच्या तपासणीच्या कागदावर नोंदवून घ्या. फक्त फोनमध्ये फोटो ठेवणं पुरेसं नाही.

परत करताना तपासणी समोर करून घ्या आणि ‘नवीन नुकसान नाही’ अशी लेखी नोंद मागा. ऑफिस बंद असताना चावी पेटीत टाकली, तर बऱ्याच करारांत ऑफिस उघडून गाडी तपासली जाईपर्यंतची जबाबदारी तुमचीच असते. अशा वेळी गाडी लावलेली जागा दिसेल असा व्हिडिओ हवाच.

नंतर बिल आलंच, तर दुरुस्तीचा तपशील आणि तारखेसह फोटो मागा. त्यात गाडी बंद राहिल्याचं भाडं आणि प्रशासकीय शुल्कही लावलेलं असू शकतं. या दोन रकमा एक्सेसमध्ये धरल्यात की वेगळ्या, हे करारात पाहा.